गाळ न उठवता

मला पोहता येतं, अशी वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत माझी ठाम समजूत होती. ती एका माणसाने अर्ध्या तासात मोडीत काढली, आणि तीही आवाज न चढवता. आवाज चढवला असता तर मी भांडलो तरी असतो.

आमचं गाव तारापूरच्या बाजूला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. नारळ, केळी, थोडा मोगरा, थोडी पानवेल अशी आमची वाडी आणि वाडीत दगडी बांधणीची विहीर. सातव्या वर्षी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगत्या लाकडाचा बिंडा बांधून मला त्या विहिरीत सोडलं होतं. दहाव्या वर्षी मी कठड्यावरून उड्या मारत होतो. पण आमच्या विहिरींत पोहण्याची एक तऱ्हा आहे, ती बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायची नाही. विहीर गोल, या काठापासून त्या काठापर्यंत बारा हात. आडवं पडून पोहायचं म्हटलं तर चार हात मारले की डोकं भिंतीवर. म्हणून आमच्या गावातली माणसं उभ्याने पोहतात. मान वर, पाय खाली सायकल चालवल्यासारखे आणि तोंडाने गप्पा चालू. मी असा अर्धा अर्धा तास पाण्यात उभा राहून समोरच्याशी वाद घालू शकत असे, आणि यालाच पोहणं म्हणतात यात मला कधी शंका आली नव्हती.

आणखी एक नियम होता. खाली जायचं नाही. समुद्र जवळ असल्यामुळे विहिरीत वर गोडं पाणी आणि तळाशी खारं. तळ ढवळला की सगळं पाणी मचूळ होतं, आणि उन्हाळ्यात ते निवळायला दोन-दोन दिवस लागतात. तेवढे दिवस चहा मचूळ, डाळ शिजत नाही, मोगऱ्याला पाणी घालायची सोय नाही. त्यामुळे पोरांनी वरच्या वर खेळायचं. विहिरीत कळशी पडली तर इतर गावांत गळ टाकून काढतात. आमच्याकडे गळ टाकायला बंदी होती, कारण गळ तळ खरवडतो. कळशी काढायला आत्या उतरायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत विधवा होऊन परत आली ती आमच्याच घरात राहिली. वाडीचं निम्मं काम तीच बघायची आणि घरातल्या सगळ्यांना तीच बोलायची. ती विहिरीत उतरणार म्हटलं की बापयांनी आणि पोरांनी वाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचं, अशी रीत होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती पायऱ्या उतरायची एवढंच मला ठाऊक. पुढचं फक्त आईने पाहिलेलं. आम्ही परत यायचो तेव्हा कळशी काठावर असायची, आत्या केस पिळत असायची आणि विहिरीतलं पाणी जसंच्या तसं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. मलाही नाही.

शाळा संपल्यावर बोईसरच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात मला नोकरी लागली. वडिलांनी कुणाकडे तरी शब्द टाकून ती मिळवली होती. पाच वर्षं केली. अंघोळ करून झोपलं तरी सकाळी उशीची खोळ पिवळी निघायची. नखं पिवळी, थुंकी पिवळी, आणि शेवटच्या वर्षी खोकला असा लागला की बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं. एक दिवस चहाच्या टपरीवर एक कंत्राटदार बसला होता. पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन बुडी मारायच्या कामाला त्याला माणसं हवी होती. आज त्यांना स्कूबा डायव्हर म्हणतात, तेव्हा बोईसरला सगळे पाणबुडेच म्हणायचे. पोहता येतं का, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, जन्मापासून. दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन टाकला. घरी सांगितलं ते त्यानंतर.

वडील रागावले नाहीत. दोन दिवसांनी एवढंच म्हणाले, "दीड म्हैना बगतो. तिथं नाय जमला तर त्याच फाटकात पुना उभा ऱ्हायाचा. मी बोलेन त्यांच्याशी." ते खरोखरच बोलले असते, आणि मी खरोखरच परत गेलो असतो. कारखान्याच्या त्या फाटकाच्या नुसत्या आठवणीने मला ढास लागायची.

काम होतं किनाऱ्यावरच्या एका कारखान्याचं. यंत्रं थंड ठेवायला तो समुद्राचं पाणी आत घेत असे. त्यासाठी किनाऱ्याला लागून काँक्रीटचा खोल हौद बांधला होता आणि हौदात ओळीने लोखंडी जाळ्या. जाळ्यांवर शिंपले आणि कालवं बसायची, खालचे बोल्ट गंजून गळायचे. एकेका बाजूचा पंप बंद ठेवून पाणबुड्यांनी खाली जायचं, जाळ्या खरवडायच्या, बोल्ट तपासायचे. पण आमच्याकडचा समुद्र म्हणजे पातळ चिखलच. उधाणाच्या दिवसांत पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, भरती-ओहोटीचा जोर कमी होतो, तेव्हा दोन-तीन दिवस पाणी जरा निवळतं. कंत्राटदाराची होडी हाकायला मुरबे गावचा एक म्हातारा तांडेल होता. त्याने तिथी मोजून सांगायचं आणि आम्ही त्या दिवशी बुडी मारायची, असं सगळं चालायचं. पंधरवड्याला दोन-तीनच दिवस कामाचे. त्यात कुणी गाळ उठवला की तो दिवस गेला.

गाळ म्हणजे हौदाच्या तळाशी बसलेला दोन वीत जाडीचा मऊ थर. त्याला धक्काही लावावा लागत नाही. वरून नुसतं पाणी हललं तरी तो उठतो.

आमचा मुख्य पाणबुड्या पन्नाशीचा होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. दक्षिणेकडचा माणूस, सगळं आयुष्य बोटींवर गेलेलं, हिंदी तोडकी पण स्पष्ट. पहिल्या दिवशी त्याने माझ्या पायांत रबरी फिन चढवले. मी आयुष्यात पहिल्यांदा ते पाहत होतो. बदकाचे पाय कुणी वेगळे काढून विकायला ठेवावेत तसे दिसत होते. काठावर चालताना मी दोनदा पडलो. उस्ताद हसला नाही. फिन घातल्यावर उलटं चालायचं असतं, एवढं त्याने चालून दाखवलं.

पाण्यात गेल्यावर मी जन्मापासून करत होतो तेच केलं. उभा राहिलो आणि सायकल सुरू केली.

पायांत काही नसताना जे चालतं ते हातभर लांबीच्या रबरी पात्यांनी केलं की काय होतं, ते मला समजलं. दहाव्या मिनिटाला हौदात काळोख झाला. खरं तर सकाळचे अकरा वाजले होते. वर आलो तेव्हा उस्ताद शांतपणे मास्क धूत होता. म्हणाला, "तू तैरता नहीं. तू खड़ा रहता है. पानी में खंबा."

मला राग आला. गावात माझ्याइतका वेळ पाण्यात टिकणारा माणूस नव्हता, आणि हा मला खांब म्हणतोय.

मग त्याने काठावरच्या लादीवर मला पालथं झोपवलं आणि समजावून सांगितलं. खाली गेल्यावर माणसाने आडवं व्हायचं, पाठीवर पाण्याचा ग्लास ठेवला तरी सांडू नये असं. पाय मागे, खाली कधीच नाहीत. गुडघ्यातून मारलेला पाय नुसती सायकल होते. जोर मांडीतून आला पाहिजे, गुडघा जरासाच सैल. पण गाळावर हेही चालत नाही, कारण वर-खाली मारलेल्या पायाचं पाणी खाली जातंच. तिथे गुडघे वाकवून तळवे आभाळाकडे करायचे आणि बेडकासारखे पाय बाजूला फाकून परत मिटवायचे. मग थांबायचं. पाणी जेवढं पुढे नेईल तेवढं जायचं. हात मात्र बांधून ठेवायचे, हातांनी पोहायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्याने दोनदा सांगितली: पाण्याखाली श्वास कधी धरायचा नाही. सिलिंडरमधून घेतलेली हवा धरून माणूस वर आला तर ती आतल्या आत फुगते आणि छाती फाटते. श्वास चालू ठेवायचा. सावकाश घेतला की अंग बोटभर वर येतं, सोडला की बोटभर खाली जातं, त्यानेच उंची सांभाळायची.

ऐकायला काय सोपं होतं! लादीवर मला सगळं जमलं. पुढच्या अष्टमीला मी आडवा उतरलो, आडवाच दुसऱ्या जाळीपर्यंत गेलो. तिसरी जाळी कोपऱ्यात होती. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब, मधे माणूस जेमतेम शिरेल एवढी फट. आत शिरलो आणि वळायला जागा नाही हे कळल्याबरोबर माझं डोकं फिरलं. घाबरलेला माणूस लहानपणी शिकलेलंच करतो. मी उभा राहिलो. पाय गाळात गेले, फिन आपटले, आणि पुढच्या क्षणी मला माझ्याच मास्कची काच दिसेना. उस्ताद माझ्या मागे हातभर अंतरावर होता. मला शोधायला तो पुढे आला आणि त्याचं कोपर कालवांवर घासून सोललं.

वर आल्यावर त्याने स्वतःच कोपरावर गोडं पाणी ओतून घेतलं. मी काहीतरी बोलायला गेलो, त्याने हात वर केला. "अगली अष्टमी," तो म्हणाला. "तीन जाली, तीन सुतली. नीचे के बोल्ट को बाँधना है. मैं पीछे रहूँगा. मुझे तीनों गाँठ दिखीं, तो तू मेरा आदमी. नहीं दिखीं, तो तू घर जा." मी त्याला विचारून फिनची जोडी घरी नेली. पंधरा दिवस हातात होते आणि वडिलांचा दीड महिना त्याच सुमाराला संपत होता.

घरी कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झालेत असं बघून फिन घेऊन विहिरीत उतरलो. म्हटलं, बेडकाचे पाय इथेच घोटवू. बारा हातांच्या विहिरीत फिन घालून बेडूक व्हायचं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय समजायचं नाही. एका झेपेत डोकं भिंतीला. वळलो, पुन्हा डोकं. मग खाली जाऊन प्रयत्न करू म्हणून बुडी मारली. लहानपणापासून पाळलेला नियम त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता, डोक्यात रंगाच्या कारखान्याचं फाटक होतं. चार वेळा खाली गेलो. पाचव्यांदा वर आलो तेव्हा पाणी भाताच्या पेजेसारखं झालं होतं आणि कठड्यावर आत्या उभी होती.

"विहिरीत म्हशी घातल्या का रं?" ती म्हणाली.

मी पायऱ्यांवर येऊन बसलो. तिने माझ्या पायांकडे बघितलं. "आन् हे काय हाय?"

"फिन. पोहायचे."

"पोवायचे? यांनी तं शेत नांगरशील तू." मग तिने मला जे सुनावलं ते सगळं इथे लिहीत नाही. मोगऱ्याच्या प्रत्येक रोपाचा उल्लेख त्यात होता. आता दोन दिस सगळ्यांबरोबर मचूळ च्या पी, म्हणून ती वळली, आणि माझा बांध फुटला. चोवीस वर्षांचा घोडा, पायांत बदकाचे पाय घालून, विहिरीच्या पायरीवर बसून रडलो. राजीनामा, खोकला, उस्तादाचं कोपर, वडिलांची मुदत, येणारी अष्टमी, सगळं तिला सांगून टाकलं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही, हेच आश्चर्य.

सगळं ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं. "म्हंजे तुला खाली जायाचा, पन गाळ उठवायचा नाय?"

"हो."

"यवढाच?"

मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं. जे शिकायला मी राजीनामा देऊन समुद्रावर गेलो होतो, ते आमच्या घरात एक बाई पस्तीस वर्षं करत होती. ती ते करायची तेव्हा आम्हा बापयांना वाडीच्या टोकाला हाकलून दिलेलं असायचं, म्हणून आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं. आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पाणी निवळायला दोन दिवस गेले. तेवढ्यात तिने मला ओटीवरच्या बाकड्यावर पालथं पाडलं. तेच, उस्तादाने लादीवर केलं तेच. गुडघे वाकव. तळवे वर. "तुजे पाय तुजे नाय असा समज. पाठीमागं कोनी दुसरा बसलाय, त्याचे हायेत." मी पाय फाकले की ती हातातल्या झावळीच्या हिराने घोट्यावर टोचायची. "यवढा नाय. पानी ढकलायचा नाय, नुसता सरकवायचा." वडील एकदा ओटीवर आले, बाकड्यावर बेडूक झालेल्या मुलाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं आणि पानवेलीकडे निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने रीत मोडली. आईला कठड्यावर उभं केलं, आपली पितळी कळशी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडली आणि मला म्हणाली, "बग आता." छप्पन्न वर्षांची होती. दोरीचं टोक दातांत धरून ती डोक्याकडून खाली गेली, आणि तेव्हाचं ते दृश्य मी कधी विसरणार नाही. पाणी इतकं स्वच्छ होतं की सगळं दिसत होतं. तिचे तळवे आभाळाकडे, गुडघे मुडपलेले, पाय जवळजवळ हलतच नव्हते. तळापासून हातभर वर ती थांबली, नुसती तरंगत. दोरीचा फास कळशीच्या गळ्यात अडकवला. आणि मग ती वळली नाही. आल्या वाटेनेच उलटी मागे आली. पावलं बाहेर वळवून, पायाच्या वरच्या बाजूने पाणी डोक्याकडे ओढत, एकेक वीत मागे. पुरेशी दूर झाल्यावरच सावकाश वर. आईने दोरी ओढली, कळशी सरळ वर आली. तळावर धुराएवढाही गाळ नव्हता.

"खाली वळायचा नाय," केस पिळत ती म्हणाली. "जो वळला त्यानं ढवळला. आन् हात कळशीला लागतात, पोवायला नाय लागत."

हात बांधून ठेव, असं उस्ताद म्हणाला होता तेच. फक्त एका गोष्टीत दोघांचं जुळत नव्हतं. आत्या म्हणायची, अर्धा श्वास सोड आणि उरलेला धरून ठेव. मी तिला उस्तादाचा नियम सांगितला तर तिला पटेना. पाण्यात श्वास न धरता माणूस जगेल कसा? सिलिंडरचं सगळं समजावल्यावर म्हणाली, "हां, मंग तुजा तू बग." पण तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला भीती वाटली. त्याआधी वाटत नव्हती. तिच्या दृष्टीने मी ओळखीच्या पाण्यात जाणार होतो. आता मी अशा ठिकाणी जाणार होतो जिथला तिचा अर्धा नियम उलटा होता.

उरलेले दिवस मी रोज विहिरीत उतरलो, आधी अनवाणी आणि मग फिन घालून, आत्या कठड्यावर. उलटं मागे येणं मात्र शेवटपर्यंत धड जमलं नाही. फिन घातल्यावर पाय उलटे ओढणं म्हणजे उंबऱ्यात अडकलेलं कपाट बाहेर काढण्यातला प्रकार. पिंढरीत पेटके यायचे. शेवटच्या दिवशी तीन वेळा साधलं, दोनदा फसलं.

अष्टमीला सकाळी सायकलच्या कॅरिअरला फिन बांधून पाम गावाच्या रस्त्याने निघालो. आत्या कठड्यापाशी उभी होती.

पाण्यात शिरल्यावर आधी काहीच केलं नाही. नुसता आडवा होऊन श्वास मोजले. घेतला, वर. सोडला, खाली. मग हात छातीशी बांधून, गुडघे मुडपून, मागे बसलेल्या त्या कुणा दुसऱ्याला पाय देऊन टाकले आणि एकदा सरकलो. थांबलो. पुन्हा सरकलो. पहिली जाळी हिरवट अंधारातून समोर आली. खालचा बोल्ट सापडला, सुतळी बांधली. दुसरी जाळी तशीच. उस्ताद मागे होता. त्याच्या टॉर्चचा उजेड माझ्या खांद्यावरून पुढे पडत होता, त्यामुळे उजेड गढूळ झाला की मला लगेच कळणार होतं. अजून झाला नव्हता.

कोपऱ्यातल्या फटीपाशी आलो. मागच्या वेळी इथेच घात झाला होता. आत शिरलो. बोल्ट चाचपला, गाठ मारली, आणि मान वळवून बघितलं तर दोन्ही बाजूंना भिंत. माझे गुडघे आपोआप खाली जाऊ लागले. शरीराला उभं राहायचं होतं. चोवीस वर्षांची सवय, ती अशी दोन आठवड्यांत जाते थोडीच. फिनचं टोक गाळाला टेकणार एवढ्यात घोट्याला हीर टोचला. खरंच टोचला, असंच वाटलं. पाय वर घेतले. सावकाश श्वास घेतला, अंग बोटभर उचललं गेलं. पावलं बाहेर वळवली आणि पाणी डोक्याकडे ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. खांब माझ्या कानापासून वीतभर पुढे सरकला. म्हणजे मी वीतभर मागे आलो होतो. आणखी एकदा. पिंढरी कळवळली, पण मी थांबलो नाही, आणि मग फट संपली आणि मी मोकळ्या पाण्यात होतो.

तेव्हा समोर फटीत बघायचं धाडस केलं. टॉर्चचा गोल उजेड जाळीवर स्वच्छ पडला होता आणि त्यात तिसरी सुतळी दिसत होती. पांढरी, दोन्ही टोकं हलत असलेली. मला इतकं हायसं वाटलं की मास्कच्या आत डोळे भरून आले, आणि मास्कच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

वर आल्यावर उस्ताद काठावर बसला. सिलिंडर उतरवलं, तोंड धुतलं. मग तीन बोटं वर केली. "तीनों दिखीं." मी मान हलवली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "उल्टा आना मैंने नहीं सिखाया. किसने सिखाया?"

"बुआ ने."

"किधर डाइव करती है?"

"कुएँ में. घड़ा निकालती है."

मला वाटलं, आता तरी हा हसेल. तो हसला नाही. माझ्या पायांतल्या फिनकडे बोट करून म्हणाला, "यह जोड़ी तेरी. और बुआ को मेरा सलाम बोलना." त्या फाटकातून मला पुन्हा आत जावं लागणार नाही, हे तेव्हा माझ्या अंगात भिनलं. काठावर पाय सोडून मी तसाच बसून राहिलो आणि पोटभर श्वास घेतला. खोकला आला नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत्या विहिरीच्या कठड्यापाशीच होती, सकाळी होती तिथेच. सायकल टेकवेपर्यंत तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू काही कमी भरतंय का ते बघत होती.

"गाळ?" तिने विचारलं.

"नाही उठला."

"मागं आलास?"

"मागेच आलो. वळलो नाही."

"मंग झाला," असं म्हणून ती कठड्यावर टेकली. उस्तादाचा सलाम मी सांगितला, तोही तिने नीट ऐकला नसावा. वडील केळीच्या आळ्यातून बाहेर आले होते. त्यांनी माझ्या कॅरिअरवरचे फिन सोडले, एक उलटसुलट करून बघितला आणि जोडी पडवीतल्या खुंटीला नीट टांगून ठेवली. त्या फाटकाचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

एवढ्यात आई दोन तांबे घेऊन आली. एक तिने मला दिला, दुसरा आत्याच्या हातात ठेवला. "घ्या आता तरी," आई म्हणाली. मग मला म्हणाली, "सकाळपासून पान्याचा थेंब घेतला नाय त्यांनी. म्हनतात, तो वर येऊ दे आधी."

आत्याने तांब्या तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. पाण्याखाली श्वास धरायचा नाही, हे मी तिला इतके दिवस समजावत होतो, आणि ती मात्र दिवसभर काठावर तो धरून उभी होती.